तेरेखोल ते पोळे: नद्या ओलांडत गोव्याचा किनारा

गोव्याच्या नकाशावर वरच्या टोकाच्या तेरेखोलपासून खालच्या पोळेपर्यंत बोट फिरवलं, तर वाटतं की समुद्राला धरून सरळ एक रस्ता असणार आणि आपण आरामात खिडकीतून पाणी बघत जाणार. असा रस्ता गोव्यात नाही. पत्रादेवीला गोव्यात शिरून पोळेला बाहेर पडणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ आहे, पण त्यावरून समुद्र जवळजवळ दिसतच नाही. किनाऱ्याने जायचं असेल तर गावागावांतल्या अरुंद रस्त्यांनी जावं लागतं, आणि थोड्या थोड्या अंतरावर एक नदी आडवी येते. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, साळ, तळपण, गालजीबाग. प्रत्येक नदीपाशी रस्ता समुद्राचा हात सोडून आत वळतो, पूल किंवा फेरी गाठतो आणि पलीकडे पुन्हा किनाऱ्याकडे येतो. भाड्याची गाडी घेऊन हा किनारा करायचा म्हणजे खरं तर या नद्या एकेक करून ओलांडायच्या. आम्ही तो याच हिशेबाने केला.

आम्ही म्हणजे मी, आई आणि मामा. आईचं माहेर मांद्र्याचं. मामा नदी परिवहन खात्यात फेरीबोटीवर खलाशी होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आयुष्यभर माणसांना आणि गाड्यांना या तीरावरून त्या तीरावर नेलं, पण स्वतः सगळा किनारा एका दमात कधी पाहिला नव्हता. मी पुण्याहून मोपाला विमानाने येणार होते. घरची गाडी आणायची तर घाट उतरून येण्यातच दिवस जातो, म्हणून गाडी गोव्यातच भाड्याने घ्यायचं ठरलं. जानेवारी होता, संक्रांत होऊन गेली होती.

गाडी ठरवण्यात जो वेळ घातला, तो पुढे सगळीकडे उपयोगी पडला, म्हणून त्याबद्दल नीट सांगते. पहिल्यांदा ज्या माणसाशी फोनवर बोलणं झालं, त्याने गाडीचे फोटो पाठवले. गाडी छान, भाडं कमी. पण नंबरप्लेट पांढरी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, ती भाड्याने देता येत नाही. स्वतः चालवायला कायदेशीर भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी असते आणि त्यावर अक्षरं पिवळी. टॅक्सीची उलट, पिवळ्यावर काळी. केंद्र सरकारची रेंट-अ-कॅब योजना १९८९ पासून आहे आणि काळी पाटी त्या परवान्याची खूण. पांढऱ्या पाटीची गाडी घेतली आणि पोलिसांनी अडवलं तर दंड होतो, गाडी जप्तही होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट विम्याची. खासगी गाडीचा विमा ती भाड्याने दिलेली असताना झालेल्या अपघाताला कामाचा नाही. समजा एखाद्या वळणावर कुणाला लागलं, तर तुम्ही परगावात, परक्या गाडीत, विम्याशिवाय उभे. तो माणूस म्हणाला, ‘ताई, सगळे असंच देतात, कोणी विचारलं तर मित्राची गाडी आहे म्हणायचं.’ मी नको म्हटलं. आईला सोबत घेऊन खोटं बोलायच्या तयारीने मला प्रवासाला निघायचं नव्हतं.

दुसरीकडे काळ्या पाटीची लहान हॅचबॅक मिळाली. मोठी उंच जीप घ्या, गोव्यात तीच शोभते, असा आग्रह तिथेही झाला. पण ज्यांनी मांद्र्याच्या नाहीतर बेतूलच्या गल्लीत समोरून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीची, बस येताना पाहिली आहे, त्यांना लहान गाडीची किंमत कळेल. एका बाजूला जांभ्याची कंपाउंड भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, मध्ये एक बस मावेल एवढी जागा. गाडी जितकी लहान तितका जीव थाऱ्यावर.

पैसे भरण्याआधी मी चार गोष्टी लेखी मागून घेतल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. दिवसाला किलोमीटरची मर्यादा आहे का. अनामत किती आणि परत कधी. फेरीबोटीवर गाडी चढवलेली चालेल का. आणि राज्याबाहेर नेता येईल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं, ‘नाही. गाडी गोव्यातच राहिली पाहिजे.’ हे उत्तर लक्षात ठेवा, कारण तेरेखोलला त्यानेच आमचा रस्ता ठरवला.

मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, त्यामुळे पेडण्याकडच्या लोकांना विमान अगदी दारात आलं. बाहेर गाडी घेऊन आलेला मुलगा घाईत होता, त्याला पुढच्या गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. तरी मी सावकाश गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढला. चारही दारं, दोन्ही बंपर, प्रत्येक चाकाची रिम, काच, आतल्या सीटा, डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. डाव्या मागच्या दाराखाली बोटभर लांब ओरखडा होता, तो त्याच्यासमोर जवळून घेतला आणि बोलूनही ठेवला. डिकी उघडून स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का ते पाहिलं. आरसी, विमा, पीयूसी, परवाना यांचे फोटो काढले आणि विम्याची तारीख वाचली. दहा-पंधरा मिनिटं गेली. त्या मुलालाही माझं लायसन्स मूळ स्वरूपात बघायचं होतं, तेही बरोबरच.

मांद्र्याला पोचले तेव्हा मामा पंचांग घेऊन बसले होते.

‘बाय, उद्या दशमी. दहाचे पाऊणपट किती?’

‘साडेसात.’

‘म्हणजे सकाळी साडेसाताच्या सुमारास भरती पुरी भरलेली. दीडच्या आसपास ओहोटी. तेरेखोलला पाणी असताना जायचं आणि पाणी असतानाच परत यायचं.’

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोकणातल्या कुठल्याही दर्यावर्दी घरात पोरंसोरंही करतात. घड्याळाशी तंतोतंत जुळत नाही, पण दिवसाचा बेत आखायला पुरतो. तेरेखोलच्या मुखाशी वाळूचा दांडा असल्यामुळे ओहोटीला पाणी उथळ होतं आणि फेरीचा खोळंबा होतो. किनाऱ्याचा प्रवास आखताना हॉटेलांच्या आधी तिथी बघायची असते हे मला त्या रात्री समजलं.

तेरेखोल किल्ला गोव्याचा, पण नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्गाच्या अंगणात. गाडीरस्त्याने जायचं तर किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्याला महाराष्ट्रात शिरायचं आणि रेडीकडून यायचं. म्हणजे राज्याची सीमा ओलांडणं आलं, आणि आमच्या गाडीला ती मुभा नव्हती. गोव्याची हद्द न सोडता तिथे पोचायला एकच वाट, केरीची फेरी. मामांना याचा केवढा आनंद झाला!

केरीला सुरूच्या बनाच्या कडेने रस्ता खाली उतरतो. समुद्राने इथला किनारा बराच खाल्ला आहे, मुळासकट आडव्या झालेल्या सुरूंची खोडं वाळूत पडलेली दिसतात. आजोबा देवस्थानाला हात जोडून आम्ही धक्क्यावर गेलो. फेरी समोरच्या तीरावरून निघाली होती. सपाट बुडाची बोट, पुढे लोखंडी फळी, ती तारांनी उचललेली. बोट काठाला लागली, फळी खडखडत खाली आली आणि सिमेंटच्या उतारावर टेकली. आधी माणसं उतरली, मग स्कूटर. चढताना मामांनी आईला गाडीतून उतरवलं आणि स्वतः बोटीवर जाऊन माझ्यासमोर उभे राहिले. तिथल्या खलाशाने त्यांना ओळखलं नव्हतं, पण ते जिथे उभे राहिले ती जागा पाहून तो काही न बोलता बाजूला झाला.

‘पहिल्या गिअरवर ठेव. क्लच एकदम सोडू नको. माझ्या हाताकडे बघ गो, पाण्याकडे नको.’

उताराचं टोक ओलं होतं, त्यावर हिरवं शेवाळ. फळी आणि सिमेंट यांच्यामध्ये एक कोन तयार होतो, तिथे गाडीचं नाक घासण्याची भीती असते. भरतीला हा कोन कमी असतो, ओहोटीला उतार जास्त उघडा पडून तो तीव्र होतो. मामांचा हात जमिनीला समांतर, बोटं हळूहळू आत वळत होती. पुढची चाकं फळीवर आली, लोखंड घणघणलं, मग मागची. हाताची मूठ झाली तेव्हा मी थांबले. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्येच ठेवून बंद करायची. बोट सुटली तेव्हा कळलं की माझे खांदे कानांपर्यंत वर गेले होते. पलीकडे जायला काही मिनिटंच लागतात. डाव्या हाताला उघडा समुद्र आणि उजवीकडे माडांच्या मधून येणारी नदी.

तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीच्या खेमसावंत भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला. आत सेंट अँथनीचं छोटं चर्च आहे. बुरुजावरून केरीचा वाळूचा पट्टा पूर्ण दिसतो. मला हा किल्ला वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रही इथे शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला, गोवा मुक्त व्हायच्या सात वर्षं आधी. त्या सकाळी पुण्या-मुंबईहून आलेली एक सहल बुरुजावर फोटो काढत होती, त्यातल्या दोन मुलींना आई ही हकिकत सांगत बसली, आणि त्या खरोखर ऐकत राहिल्या. दहा-साडेदहाच्या आत आम्ही परतीच्या फेरीत होतो. पाणी तेव्हाच उतरायला लागलं होतं.

पेडण्याचा किनारा म्हणजे केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी. इथे रस्ता समुद्राला जवळून धरतो आणि मधूनमधून माडांच्या फटीतून निळं काहीतरी चमकतं. हरमलला गाडी लांब लावून उत्तरेकडच्या खडकाळ टेकाडाला वळसा घालून गोड्या पाण्याच्या तळ्यापर्यंत चालत गेलो. समुद्रापासून इतक्या जवळ गोडं पाणी! मोरजीला टेंब भागात वन खात्याने कासवांची घरटी जाळी लावून राखली होती. ऑलिव्ह रिडले माद्या नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वाळूवर येऊन अंडी घालतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात. हे काम गावकऱ्यांना सोबत घेऊन नव्वदच्या दशकात सुरू झालं, आणि आज मोरजी, आगोंद, गालजीबाग ही नावं कासवांसाठी घेतली जातात. भाड्याची गाडी हातात आली की लोकांना ती थेट वाळूत न्यायची हौस येते. ती गाडी रुतते, ट्रॅक्टर बोलवावा लागतो, वर दंड, आणि भाडेकरार मोडला म्हणून अनामतही जाते. हे सगळं बाजूला ठेवा, पण त्या चाकाखाली घरटं असू शकतं. मला हे पुनःपुन्हा सांगावंसं वाटतं. गाडी डांबरावर ठेवा, वाळूवर चालत जा.

मोरजीहून शापोरा नदीच्या कडेने चोपड्यापर्यंतचा रस्ता माझा अतिशय लाडका. डावीकडे घरं, उजवीकडे नदी, तिच्यात रंगीत होड्या. पुलावरून शिवोलीला गेलो की पेडणे संपतं आणि बार्देस सुरू होतं. शापोरा किल्ल्यावर मामांनी चढायला नकार दिला, मी एकटी जाऊन आले. वरून नदीचं मुख आणि त्यापलीकडे मोरजीचा दांडा दिसतो. आपण कुठून आलो ते एका नजरेत समजतं. १७३९ मध्ये मराठ्यांनी हा किल्ला जिंकला होता आणि दोन वर्षांनी तहात परत दिला.

हणजूण, बागा, कळंगूट, कांदोळी हा पट्टा आम्ही दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी पार केला. दिवस वर आला की इथे गाडी चालवण्यात काही सुख नाही. पार्किंग शोधण्यातच वेळ जातो. सकाळी सातला मात्र हेच रस्ते रिकामे. पोदेर सायकलवर पोंग्याचा भोंगा वाजवत पाव विकत असतो, आणि नाक्यावरच्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव गरम मिळतो. आईची एकादशी होती. तिने चहा घेतला आणि पिशवीतली केळी काढली.

शिकेरीला मामांनी समुद्रात एक जागा दाखवली, जिथे आता काहीच नाही. ६ जून २००० ला रिव्हर प्रिन्सेस नावाचं जहाज वादळी हवेत इथे येऊन वाळूत रुतलं, आणि काढता काढता २०१२ उजाडलं. एवढी वर्षं ते लोखंडी धूड गंजत उभं होतं आणि किनारा खात होता. आग्वादचा किल्ला १६१२ मध्ये पुरा झाला, दीपगृह १८६४ चं. पण आम्ही खाली समुद्रालगतच्या तुरुंगात जास्त वेळ थांबलो. आता तिथे स्वातंत्र्यसैनिकांचं संग्रहालय आहे. १९४६ मध्ये राममनोहर लोहियांना इथे कोंडलं होतं. खोल्या पाहताना मामा एकदाच म्हणाले, ‘खिडकीतून समुद्र दिसतो, पण वारा येत नाही.’

नेरूल, वेरे असं करत बेतीला आलो. समोर पणजी, डावीकडे मांडवीवरचे पूल, त्यांच्या डोक्यावर जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. मी पुलाकडे वळणार एवढ्यात मामा म्हणाले, ‘गाडी इथे लाव. फेरीने जाऊन येऊ.’ पणजीत आमचं काहीच काम नव्हतं. तरी गेलो. फेरीच्या कठड्याला टेकून त्यांनी पहिल्यांदाच मला १९८६ चा पावसाळा सांगितला. ५ जुलैला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. उत्तर गोव्यातून राजधानीत येणारं प्रत्येक माणूस एकाएकी फेरीवर आलं. शाळेची मुलं, सरकारी नोकर, भाजीवाल्या, इस्पितळात न्यायची माणसं. नदीला पूर, वारा तोंडावर, आणि बोटी रात्रंदिवस चालू. ‘दोन्ही काठांवर माणसं उभी दिसायची, कितीही फेऱ्या मारल्या तरी तेवढीच. घरी जायचो ते झोपायला, आणि झोपेतही फळी उघडल्याचा आवाज यायचा.’ नवा पूल झाला तशी गर्दी ओसरली. ते बोलत होते आणि आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. सख्ख्या भावाकडून हे तिनेही ऐकलं नव्हतं. लोक गोव्यात फेरीला पर्यटनाची गंमत समजतात. ज्या चोडणला, दिवाडीला रोजचं जाणंयेणं तिच्यावर आहे त्यांना विचारा. फेऱ्या टिकल्या पाहिजेत, वेळेवर सुटल्या पाहिजेत, आणि त्यांवर काम करणाऱ्यांना मान मिळाला पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

झुआरी ओलांडणं सोपं झालं आहे. पूर्वी कुठ्ठाळीला तास तास रांग लागायची. डिसेंबर २०२२ मध्ये केबलांवर तोललेल्या नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, वर्षभराने दुसरी, आणि आता नदी कधी गेली ते कळतही नाही. आम्ही दाबोळीवरून बोगमाळोकडे वळलो आणि तिथून वेळसांवची वाट धरली. ही वाट फारसे पर्यटक घेत नाहीत. रस्ता टेकडीवरून उतरतो आणि एका वळणावर सासष्टीचा सगळा किनारा समोर उलगडतो. पांढरी वाळू दक्षिणेकडे सरळ जाते, मोबोरपर्यंत, मध्ये एकही डोंगर नाही. कुवेलीच्या टेकडीवर तीन राजांचं चॅपेल आहे, ६ जानेवारीला तिथे मोठं फेस्त होतं. आम्ही गेलो तेव्हा फेस्ताचा मांडव नुकताच उतरवला होता.

गंमत म्हणजे वाळू एवढी अखंड, पण खालचा रस्ता समुद्रापासून थोडा आतून जातो. माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का. प्रत्येक गावात उजवीकडे एक फाटा फुटतो आणि तो वाळूपाशी संपतो. म्हणून इथे गाडी चालवण्यापेक्षा एखादा फाटा निवडून थांबावं. आम्ही बाणावलीचा निवडला. परशुरामाचा बाण इथे पडला म्हणून बाणावली, ही कथा आईने गाडीत दोनदा सांगितली होती. मुक्काम कोलव्याजवळ एका घरगुती खोलीत केला. द्वादशीला आईचं पारणं सुटलं आणि दुपारी खानावळीत आम्ही तिघांनी उकडा भात, बांगड्याचं हुमण, सुक्या सुंगटांची किसमूर आणि सोलकढी घेतली. मामांनी पहिला घास घेऊन मान हलवली. नारळ पाट्यावर वाटलेला होता.

साळ नदी मोबोरला समुद्राला मिळते आणि तिथे रस्ता संपतो. पलीकडे बेतूल हाकेच्या अंतरावर दिसतं, पण पूल नाही. म्हणून केळशीहून आसोळण्याला फेरी. या वेळी गाडी चढवताना माझे खांदे खाली होते. आसोळणा, वेळ्ळी ही कुंकळ्ळीच्या बंडाची गावं. १५८३ मध्ये इथल्या गावकऱ्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध शस्त्र उचललं आणि त्याची भयंकर किंमत मोजली. बेतूलच्या जेटीवर बायका शिनाण्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, विकत होत्या. वरचा छोटा किल्ला शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६७९ मध्ये बांधला गेला.

बेतूलपासून पुढे गोव्याच्या किनाऱ्यावरचा सर्वांत सुंदर रस्ता लागतो. माझं हे मत कुणी बदलू शकणार नाही. रस्ता एकदम चढतो आणि जांभ्याच्या सड्यावर येतो. वाळकं पिवळं गवत, काळपट दगड, मधूनमधून मोहोर धरलेली काजूची झाडं, आणि उजवीकडे खाली, फार खाली, समुद्र. कनगिणीजवळ एका वळणावर जागा पाहून मी गाडी बाजूला घेतली. इथे वळणं आंधळी आहेत, कठडे सगळीकडे नाहीत, म्हणून चालवणाऱ्याने समुद्र थांबूनच बघावा. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवायची, सतत ब्रेक दाबत राहायचं नाही. हॉर्न वळणाआधी, वळणात नाही. समोरून बस आली तर मागे घ्यायची पाळी आपली, कारण ती गावाची बस आहे.

काब-द-रामला राम-सीता वनवासात राहिले अशी श्रद्धा आहे. किल्ला सोंध्याच्या राजाकडून १७६३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. कोरडा खंदक ओलांडून आत गेलं की चर्च, मग झुडपं, मग पश्चिमेचा तट आणि सरळ खाली लाटा. मामा तिथे कितीतरी वेळ उभे होते. मग म्हणाले, ‘इथे नदी नाही, म्हणून पाणी एवढं स्वच्छ.’ खरंच, उत्तरेकडे नद्यांच्या गाळाने समुद्र मातकट होता, इथे खडकांचे तळ दिसत होते.

खोल्याला एका दुकानातून सुकी मिरची घेतली. खोल्याच्या मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर ती होते, रंगाला गडद आणि तिखटाला बेताची. आईने ती हातात चुरून वास घेतला आणि अर्ध्या किलोची एक केली. आगोंद शांत, पाळोळे गजबजलेलं. आम्ही आगोंदला राहिलो.

तळपण आणि गालजीबाग या शेवटच्या दोन नद्या. नव्या काणकोण बगलरस्त्याचे पूल त्यांवरून सुसाट जातात, पण आम्ही आतल्या जुन्या रस्त्याने गेलो, राजबागेवरून, लहान पुलांवरून. गालजीबागला सुरूचं बन, वाळूवर आमच्याशिवाय एक कुत्रं, आणि वन खात्याची झोपडी. केरीला पडलेले सुरू पाहिले होते, इथले अजून उभे आहेत. मग लोलये आणि पोळे. पोळेचा किनारा म्हणजे दोन डोंगरांमधली लहानशी वाळूची चंद्रकोर. त्यापुढे तपासणी नाका, त्यापुढे कर्नाटक. कराराप्रमाणे गाडी इथे थांबली.

परतीला सरळ महामार्ग घेतला. करमल घाट, मडगावच्या बाहेरून, झुआरी, मांडवी, म्हापसा. ज्या नद्यांसाठी एवढा वेळ दिला त्या भराभर चाकांखालून गेल्या. पेडण्यात पेट्रोल भरलं, काटा जिथे होता तिथवर, आणि पावतीचा फोटो काढला. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, तेवढाच आधार. एका गॅरेजमध्ये पायपुसण्यांमधली वाळू हवेने उडवून घेतली, कारण काही ठिकाणी वाळूसाठी सफाईचे वेगळे पैसे लावतात.

मोपाला तोच मुलगा आला होता. या वेळी तो सावकाश फिरला. डाव्या मागच्या दारापाशी वाकला आणि ओरखड्यावर बोट ठेवलं. मी व्हिडिओ काढून दाखवला, त्यात त्याचाच आवाज होता, ‘हां, तो आधीचा आहे.’ तो हसला आणि कागदावर सही केली. मामांनी त्याला विचारलं, ‘तुमच्या गाड्या तेरेखोलला फेरीतून जातात का रे कधी?’ तो म्हणाला, ‘नाय, लोक बागाला जातात.’ मामांनी मग त्याला दशमीचा हिशेब समजावून सांगितला, आणि त्याने तो मोबाइलमध्ये लिहूनही घेतला. अनामत दोन दिवसांत पूर्ण खात्यात आली.